१९३८ च्या धाटणीचा स्विंग ड्रम संच: प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५

चौदा जणांच्या बिग बँडसाठी (स्विंग, म्हणजे तीसच्या दशकातलं नाचाचं जॅझ, वाजवणारा मोठा बँड) १९३७-३८ च्या धाटणीचा ड्रम संच उभा करायचा आणि त्यावर त्या काळचं वादन बसवायचं, एवढं हे काम. चौदाच का, तर १६ जानेवारी १९३८ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमनचा बँड बसला तो असाच होता: तीन ट्रम्पेट, दोन ट्रॉम्बोन, चार सॅक्सोफोन, पियानो, गिटार, बास, ड्रम आणि समोर क्लॅरिनेट घेऊन स्वतः गुडमन.

हाताशी आलेला संच जुना, अमेरिकन बनावटीचा, बॅज निघून गेलेला. बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा) २६ × १४ इंच, रॅक टॉम (वर बसवलेला लहान) १३ × ९, फ्लोअर टॉम (जमिनीवर पायांवर उभा) १६ × १६, स्नेअर (खाली तारा लावलेला) १४ × ६.५. गुडमनचा ड्रमर जीन क्रुपा स्लिंगरलँड कंपनीचा जो संच वाजवत असे, त्याच्या जवळची ही मापं.

आजचा जॅझ संच इथे चालत नाही. १८ किंवा २० इंची बास ड्रम ही बीबॉपनंतरची (चाळीसच्या दशकातल्या नव्या जॅझ शैलीनंतरची) चाल. ड्रमर केनी क्लार्क आणि त्याच्यामागून आलेल्यांनी लय राइड सिंबलवर (टांगलेल्या मोठ्या झांजेवर) नेली तेव्हा बास ड्रमवर रोजचं काम उरलं नाही. स्विंगमध्ये लय खालून येते. बास ड्रमचे चार ठोके, त्यावर बासची चाल, त्यावर गिटार, आणि मग हाय-हॅट (पायाने उघडबंद होणारी सिंबलची जोडी). म्हणून कामाचा क्रमही खालून वर: बास ड्रम, हाय-हॅट, स्नेअर, आणि टॉम सगळ्यात शेवटी. क्रुपाचे टॉम सगळ्यांच्या कानात बसलेले असतात, त्यामुळे जो तो सुरुवात तिथून करतो. बँड मात्र त्यांच्यावर उभा राहत नाही.

ऐकण्यासाठी मुख्य ध्वनिमुद्रणं दोन. गुडमनचं ‘सिंग, सिंग, सिंग’, ६ जुलै १९३७, हॉलिवूड. पियानोवादक काउंट बेसीच्या बँडचं ‘वन ओ’क्लॉक जंप’, ७ जुलै १९३७, न्यूयॉर्क. लागोपाठच्या दोन दिवसांत, देशाच्या दोन टोकांना, ड्रम वाजवण्याचे दोन वेगळे विचार तबकडीवर उतरले. आपल्याला दोन्ही हवेत, पण आधी दुसरा.

१७ जून

खोडांची तपासणी. बास ड्रम आणि टॉम तीन थरांच्या लाकडाचे, आतून दोन्ही काठांना आधाराच्या जाड कड्या. स्नेअरचं खोड एकाच जाड मेपल फळीला वाफेवर वाकवून जोडलेलं. सांधा आतून स्पष्ट दिसतो. सांध्यात नख जातं का ते पाहिलं. जात नाही, म्हणजे सरस धरून आहे.

गोलाई: व्यास चार ठिकाणी मोजायचा. १४ इंची खोडात २ मि.मी. पर्यंतचा फरक चालून जातो, ३ च्या वर गेला की कातड्याची कडी एका बाजूला अडकते आणि स्वर जुळतच नाही. फ्लोअर टॉममध्ये जेमतेम १ मि.मी., बास ड्रममध्ये ४. बास ड्रमचं हूप (कातडं दाबून धरणारं बाहेरचं कडं) रुंद असल्याने तेवढं निभावतं.

काठ: खोड जाड काचेवर पालथं ठेवायचं, आत टॉर्च लावायची, खोलीतला दिवा बंद. जिथून उजेड फुटतो तिथे काठ बसलेला. रॅक टॉमला दोन ठिकाणी उजेड दिसला. १८० आणि मग २४० नंबरच्या पॉलिश पेपरने, पेपर काचेवर चिकटवून, खोड गोल फिरवत पूर्ण काठ समपातळीत आणला. त्या काळचे काठ गोलसर आहेत. आजच्यासारखे ४५ अंशांत धारदार कापायचे नाहीत. धारदार काठावर स्वर लांबतो आणि टोकदार होतो, तर गोल काठावर कातडं जास्त रुंदीवर टेकतं आणि आवाज आखूड, जाड येतो. जुन्या तबकडीवर ऐकू येणारा ‘धप्’ निम्मा या काठातूनच येतो. सुतार ‘नीट करून देतो’ म्हणाला तरी राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) लावू द्यायचा नाही.

बाहेरचं मोत्यासारखं चकाकणारं वेष्टन पिवळं पडलंय. असली जुनी वेष्टनं सेल्युलॉइडची असतात आणि सेल्युलॉइड भडकन पेटतं. हीट गन, इस्त्री, जवळ विडी-सिगारेट, काहीही नाही. थिनर आणि अ‍ॅसिटोनने ते विरघळतं. साबणाच्या कोमट पाण्यात पिळलेलं फडकं, मग कोरडं फडकं, बस्स. पिवळेपणा राहू द्यायचा.

२२ जून

लोखंडी सामान. प्रत्येक लगमध्ये (खोडावरची खुंटी, जिच्यात कातडं ताणणारा टेन्शन रॉड फिरतो) एक स्प्रिंग असते. कातडं वाजलं की तीही गुणगुणते. लग उघडून स्प्रिंगभोवती कापसाची सैल वात भरली. घट्ट कोंबली तर आतली नटाची चाकी हलत नाही आणि टेन्शन रॉड तिरका चढतो. जुन्या रॉडचे आटे आधी गेजने मोजायचे. बाजारातला नवा रॉड पहिले दोन फेरे खुशाल जातो, तिसऱ्याला लगचे आटे खातो. हाताने सहज फिरेल तोच रॉड योग्य.

मुलामा निकेलचा. निकेल मऊ, पितळ चमकवायच्या पॉलिशने दोन-तीनदा घासलं की खालचं पितळ डोकावतं. रॉडना शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

२९ जून

कातडी चढवणं. या संचाच्या काळात दुसरा पर्यायच नव्हता. मायलारची हेड (ड्रमवर ताणायची प्लास्टिकची पानं) १९५६-५७ मध्ये आली. निर्णय असा: स्नेअरच्या दोन्ही बाजू, दोन्ही टॉमच्या वरच्या बाजू आणि बास ड्रमची ठोक्याची बाजू वासराच्या कातड्याची (आयात केलेली). टॉमच्या खालच्या बाजू आणि बास ड्रमची पुढची बाजू कातड्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम हेडची. शेळीचं कातडं तबलेवाल्यांकडे सहज मिळतं, पण २६ इंचांत एकसारख्या जाडीचं मिळणं कठीण, आणि स्नेअरवर त्याचा आवाज फार कोरडा येतो.

पद्धत. १४ इंची ड्रमला किमान १७ ते १८ इंच व्यासाचं कातडं. थंड पाण्यात पंधरा ते तीस मिनिटं, ओल्या फडक्यासारखं लुळं पडेपर्यंत. गरम पाणी अजिबात नको. ओलं कच्चं कातडं साठ अंशांच्या पुढे आकसतं आणि पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. गुळगुळीत बाजू वर, म्हणजे टेबलावर काम करताना ती खाली. त्यावर लाकडी कडी, आणि कातड्याची कड कडीवरून आत वळवून खाली खोचत जायची. खोचायला चमच्याच्या दांड्याचं बोथट टोक उत्तम. घड्याळाच्या बारावर खोचलं की पुढचं सहावर, मग तीन, मग नऊ. गोल फिरत गेलं तर शेवटी एका बाजूला चुण्या साठतात आणि त्या चुण्या जन्मभर राहतात.

ओलं असतानाच ड्रमवर चढवायचं, हूप बसवायचं आणि सगळे रॉड समान फिरवून कातडं काठाखाली साधारण १ से.मी. ओढायचं. या उतरत्या गळपट्टीला कॉलर म्हणतात, आणि खरं मर्म इथे आहे. कॉलर नसेल तर पावसाळ्यात कातडं सैल पडल्यावर हूप खाली ओढायला जागाच उरत नाही. फार खोल असेल तर हूप लगवर टेकतं. वाळवण सावलीत, पंख्याशिवाय, एक ते दोन दिवस. पंख्याखाली मधला भाग आधी वाळतो आणि कड ओली राहते, मग मध्ये ताण आणि कडेला झोळ.

स्नेअरच्या खालच्या बाजूचं कातडं खूप पातळ, जवळजवळ पारदर्शक. त्याला ताण बेताचाच. वाळताना ते स्वतःच बरंच ओढून घेतं.

६ जुलै

पुण्यातल्या पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास, आणि सगळी कातडी झोपलेली. स्नेअरवर ब्रश फिरवला तर आवाजच नाही. ब्रशच्या तारा ओलसर कातड्यावर खरखरत नाहीत, घसरतात.

हलगी शेकतात तसं हे शेकायचं नाही. हलगीचं कातडं पातळ, लहान, आणि वाजवताना पुन्हा पुन्हा शेकायची सोय. इथे कॉलर बसलेली असते, एका बाजूने धग लागली की ती वाकडी होते. त्या काळचा उपाय बास ड्रमच्या आत विजेचा दिवा. लोकांना तो पुढच्या हेडवरचं चित्र उजळण्यासाठी वाटायचा, पण तो कातडं कोरडंही ठेवायचा. आत खोडाच्या तळाला ४० वॅटचा तारेचा बल्ब बसवला, भोवती जाळी, कातड्यापासून २० से.मी. लांब, वायर हवेच्या छिद्रातून बाहेर. एलईडीचा इथे उपयोग नाही. त्याची ऊब पुरत नाही. तालमीच्या तासभर आधी लावला की २६ इंची कातडं अर्ध्या-पाऊण स्वराने वर येतं.

या निमित्ताने एक आठवण मुंबईची. लिऑन अ‍ॅबीचा आफ्रिकन-अमेरिकन बँड १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, आणि १९३९ पासून तिथे मिकी कोरिया यांचा बँड दोन दशकं होता. म्हणजे अपोलो बंदरासमोर, ऐन समुद्रावर, बराच काळ सगळं ड्रमवादन कातड्यावरच चाललं. तिथल्या ड्रमरना हूप किती वेळा ओढावं लागत असेल याचा अंदाज या महिन्यात सहज करता येतो.

नियम भिंतीवर लिहून लावला: दमट हवेत चढवलेला ताण तालीम संपताच उतरवायचा. ओल्या संध्याकाळी ओढून ठेवलेलं कातडं दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की काठावर फाटतं.

२० जुलै

बास ड्रम. आत उशी नाही, पुढच्या हेडला भोक नाही. ठोक्याच्या कातड्यामागे अडीच इंच रुंद फेल्टची पट्टी, मध्यापासून चार बोटं बाजूला, उभी. पट्टी मधोमध घेतली तर ठोका मेलेला येतो. पुढचं हेड ठोक्याच्या बाजूपेक्षा किंचित ताणलेलं. दोन्ही बाजू अगदी समान ठेवल्या तर २६ इंची ड्रम घुमतच राहतो, आणि ठोक्याची बाजू जास्त ताणली तर पेडल उड्या मारतं.

बीटर (पेडलच्या दांड्यावरचा ठोकणारा गोळा) लोकरीचा, मऊ. आजचा पेडलदांडा २२ इंची ड्रमसाठी असतो, ज्याचा मध्य जमिनीपासून २८ से.मी. वर. २६ इंचीचा मध्य ३३ से.मी. वर. दांडा ५ से.मी. ने लांब घेतला. मग पेडल जड वाटतं, म्हणून स्प्रिंग दीड फेरा कसली.

आता वाजवणं. प्रत्येक बारमध्ये (चार बीटच्या आवर्तनात) चार ठोके, अखंड, पण इतके हळू की ऐकू येण्यापेक्षा जाणवावेत. टाच पेडलवर टेकलेली, बीटर कातड्यापासून ३ ते ५ से.मी. च्या वर मागे जात नाही, आणि ठोका देऊन लगेच परत येतो. आजच्या सवयीने बीटर कातड्यात दाबून ठेवला तर या मोठ्या, न दाबलेल्या ड्रमवर तो थरथरतो आणि प्रत्येक ठोक्यामागे भुर्र असा आवाज येतो.

हळू का, याचं कारण बासमध्ये आहे. तेव्हाचा बास तातीच्या तारांचा आणि अ‍ॅम्प्लिफायरशिवायचा. ठोका मोठा झाला की बासचा स्वर त्याखाली गाडला जातो. ठोका नेमका हळू पडला तर बासला सुरुवातीची धार मिळते आणि तो दुप्पट मोठा वाटतो. बेसीकडे बासवर वॉल्टर पेज आणि ड्रमवर जो जोन्स हेच करत होते. तपासायची रीत सोपी: पंचवीस फुटांवर उभं राहायचं. बास ड्रम ‘ऐकू’ आला तर जास्त झाला; ड्रमरने पाय थांबवल्यावर बँडचा तळ गेल्यासारखं वाटलं तर बरोबर होता.

९ ऑगस्ट

सिंबल. संचासोबत आलेले १५ इंची जाड हाय-हॅट बाजूला ठेवले. तीसच्या दशकात हाय-हॅटला ११-१२ इंची पातळ पत्रे सर्रास, मग हळूहळू १३ आणि १४. आपण १३ इंची पातळ जोडी घेतली. वर हलका, खाली जरा जड. दोन्ही सारखेच पातळ घेतले तर बंद करताना मधली हवा अडकते आणि ‘चिक्’ ऐवजी नुसतं ‘फप्’ येतं. खालचा पत्रा स्क्रूने दोन-तीन मि.मी. तिरका केला की हवा एका बाजूने निघून जाते.

अ‍ॅवेडिस झिल्जन यांनी १९२९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीला सिंबलचा कारखाना सुरू केल्यावर न्यूयॉर्कचे ड्रमर तिथे सरळ मागण्या घेऊन जायचे, आणि मागणी असायची पातळ पत्र्याची. त्या आधीचे पत्रे मिरवणुकीचे, जाड. आपल्याकडे मोठा सिंबल एकच, १६ इंची पातळ, आणि झटका देऊन हाताने पकडायला एक १२ इंची. दोन्ही बास ड्रमच्या हूपवर हंसाच्या मानेसारख्या वाकड्या दांड्यांवर लटकवले. त्यावर सिंबल मोकळा झुलतो. नटाने आवळलेला सिंबल ठोक्याला अडतो आणि आवाज लवकर तुटतो. झुलत्या सिंबलला एकच धोका: जोरात मारल्यावर तो परत येतो तेव्हा स्टिकच्या आड येतो. उपाय म्हणजे मारणं कमी.

२३ ऑगस्ट

हाय-हॅटचं वादन. पूर्ण प्रकल्पातलं सगळ्यात अवघड काम, आणि ऐकणाऱ्याला सगळ्यात सोपं वाटणारं.

बोल असे लिहून घेतले:

१: टांग्  २: चिक्-टि  ३: टांग्  ४: चिक्-टि

एक आणि तीनवर पत्रे अर्धे उघडे, दोन आणि चारवर पायाने बंद. ‘टि’ हा पुढच्या टांग्ला जाऊन मिळणारा लहान ठोका, आणि पाय तिथेच उचलायला लागतो, म्हणजे ‘टि’ बंद आणि उघड्याच्या मधोमध वाजतो. जो जोन्सची खुबी इथे आहे. पाय झटक्यात उघडबंद होत नाही. पत्रे एकमेकांना सोडता सोडता घासत राहतात आणि आवाज चार वेगळे ठोके न राहता एका श्वासासारखा चालतो. सराव पायाचा करायचा: काठी न घेता, नुसत्या पायाने दोन-चार, पण उघडताना पत्र्यांचा हलका ‘शऽ’ ऐकू यायला हवा.

‘टि’ नेमका कुठे? मिनिटाला १२० बीटच्या आसपास बीटचे तीन भाग करून तिसऱ्यावर. १८० ला तो थोडा अलीकडे सरकतो. २५० च्या पुढे दोन भाग जवळजवळ समान. जलद लयीतही तीन भागांचा हट्ट धरला तर वादन उड्या मारल्यासारखं होतं, आणि संथ लयीत समान भाग केले तर बँड लष्करी वाटतो. मेट्रोनोम निम्म्या वेगावर ठेवून त्याचा टोला दोन आणि चार समजायचा. सुरुवातीला माणूस दोन-तीन बारमध्येच त्याला एक आणि तीन समजू लागतो. तसं झालं की थांबून पुन्हा.

‘वन ओ’क्लॉक जंप’ बारा बारच्या ब्लूजवर आहे. पियानो एफमध्ये सुरू होतो, बँड डी-फ्लॅटमध्ये येतो. त्या बदलावर ड्रमने काही ‘दाखवायचं’ नाही. हाय-हॅट तोच, बास ड्रम तोच. स्वर बदलल्याची बातमी बँड देतो.

१३ सप्टेंबर

स्नेअर. तारा खालच्या कातड्याच्या पूर्ण रुंदीपलीकडे जाणाऱ्या, त्यामुळे दोन्ही टोकं समांतर उचलली जायला हवीत. एक टोक अर्धा मि.मी. जरी खाली असलं तरी तारा एका बाजूला गळा दाबल्यासारख्या बसतात आणि दुसऱ्या बाजूला फडफडतात. तपासायला तारांच्या दोन्ही टोकांखाली कागदाची एकेक पट्टी सरकवायची. दोन्ही सारख्याच जोराने निघायला हव्यात.

आत फेल्टचा दाबक आहे, बाहेरच्या खिट्टीने वर येणारा. तो कातड्याला नुसता शिवेल इतकाच ठेवायचा.

प्रेस रोलवर वेळ गेला. न्यू ऑर्लिन्सहून शिकागोला आलेले ड्रमर बेबी डॉड्स यांच्याकडून तो शिकागोच्या पोरांनी उचलला, आणि क्रुपा त्यातलाच. स्टिक दाबून तीन-चार सूक्ष्म उसळ्या, दोन्ही हातांच्या आळीपाळीने, आणि प्रत्येक रोल दोन-चारवर तुटलेला. कातड्यावर उसळी आखूड असते, मायलारच्या सवयीने हात उचलला तर रोलमध्ये भोकं पडतात. मनगट खाली, बोटांचा दाब जास्त.

४ ऑक्टोबर

टॉम. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच टॉमची खालची कातडी खिळ्यांनी ठोकलेली असायची, जुळवणार कशी? दोन्ही बाजू जुळवता येणारे टॉम स्लिंगरलँड आणि क्रुपाच्या जोडीने रूढ झाले, म्हणून ते स्वर धरून वाजवता आले. रॅक आणि फ्लोअरमध्ये सा-म चं अंतर ठेवलं. फ्लोअर टॉमची खालची बाजू वरच्यापेक्षा किंचित चढी. उलट केलं तर स्वर खाली घसरत जातो, जो हिंदी सिनेमाच्या सत्तरच्या दशकात शोभेल, इथे नाही.

‘सिंग, सिंग, सिंग’ साठी पहिली सूचना: स्नेअरच्या तारा सोडा. लीव्हर खाली. तारा लागलेल्या असतील तर फ्लोअर टॉमच्या प्रत्येक ठोक्याला त्या झणझणतात आणि जंगलाऐवजी पत्र्याचं छप्पर ऐकू येतं.

वेग २२० च्या आसपास. आपल्या मांडणीत दोन्ही हात फ्लोअर टॉमवर आळीपाळीने, ‘टि’ सह, जोर दोन आणि चारवर, आणि दर आठव्या बारला एक हात रॅकवर. खाली बास ड्रमचे चार ठोके सुरूच. बहुतेक जण सगळे ठोके सारखे मारतात आणि मग जोर द्यायला हात आणखी वर नेतात. मिनिटभरात दंड भरून येतात. उलट करायचं: बाकीचे ठोके कातड्यापासून तीन-चार बोटांवरून, जोराचा ठोका वीतभरावरून. फरक उंचीने पडतो, ताकदीने नाही. १९३७ ची मूळ तबकडी १२ इंची आणि दोन्ही बाजू भरून आठ मिनिटांच्या वर, त्यामुळे दम राखणं हाही तंत्राचाच भाग.

२६ ऑक्टोबर

ऑक्टोबरचं ऊन. रॅक टॉमचं कातडं पहाटेपर्यंत एका स्वराने चढलेलं, कडेला बारीक पांढरी रेघ. पांढरी रेघ म्हणजे कातडं तिथे सुटायच्या बेतात. सगळे रॉड अर्धा फेरा सैल, खालच्या बाजूने पाण्यात पिळलेला स्पंज मधल्या भागावर एकदा, कडेला नाही. दुसऱ्या दिवशी रेघ गेली. बल्ब आता काढून ठेवला.

९ नोव्हेंबर

पूर्ण बँडसह बैठक. ड्रम ट्रम्पेटच्या रांगेत मागे न ठेवता बास, गिटार आणि पियानोच्या मधोमध. हाय-हॅट गिटारच्या बाजूला आला. बेसीकडे फ्रेडी ग्रीन गिटारवर प्रत्येक बीटला एक झटका, अ‍ॅम्प्लिफायर न लावता वाजवायचा. हाय-हॅट त्याच्या वर गेला की गिटार संपली. बंद हाय-हॅटचा आवाज गिटारच्या झटक्यात मिसळून जायला हवा, दोघांमधलं कोण वाजतंय ते कळू नये.

ड्रमच्या कागदावर त्या काळी फारसं काही लिहिलेलं नसे. वाचायचा तो पहिल्या ट्रम्पेटचा कागद. त्याची एक प्रत ड्रमरला दिली. फ्लेचर हेंडरसनच्या मांडणीत (कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते त्याने लिहिलेल्या कागदात) पितळी वाद्यं आणि सॅक्स एकमेकांना उत्तरं देतात, त्या देवाणघेवाणीच्या फटीत ड्रमला जागा. पितळी ठोका चारच्या ‘टि’ वर असेल तर स्नेअरवर चारला तयारी द्यायची, ठोक्यावर १२ इंची सिंबल मारून लगेच हाताने पकडायचा. तयारी लांबवली की ट्रम्पेट घाईत येतात. बास ड्रम या सगळ्यात चारवर चारच. पितळी ठोक्यांबरोबर पायाने फटके मारणं ही पुढच्या दशकाची भाषा.

वेग वाढत जाण्याची तक्रार आली. कारण जवळजवळ नेहमी एकच: सॅक्सच्या हळू भागात ड्रमर आवाज कमी करताना पाय आखडतो, आणि परत मोठं होताना सगळं पुढे सरकतं. हळू भागात फक्त हात लहान, पाय जसाच्या तसा.

२३ नोव्हेंबर

सोलोचा प्रश्न. क्रुपाच्या सोलोतही बास ड्रम चालू राहतो, म्हणून नाचणाऱ्यांचे पाय थांबत नाहीत. ड्रमर आणि बँडप्रमुख चिक वेबचा विचार निराळा: मांडणीच्या आतच दोन किंवा चार बारच्या फटी, आणि त्यात सगळं काही. हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये ११ मे १९३७ ला गुडमनचा बँड त्याच्या बँडसमोर सामन्याला उतरला, ड्रमवर क्रुपा, आणि त्या रात्री बाजी वेबची झाली हे क्रुपानेच मोकळेपणाने मान्य केलं. लहानपणीच्या पाठीच्या कण्याच्या क्षयाने वेबची उंची खुंटलेली. त्याचा ग्रेच कंपनीचा संच खास बनवलेला, बास ड्रम २८ इंची, घंटा आणि ठोकळे रुळावर बसवलेले. १९३९ च्या जूनमध्ये तो गेला.

आणि तिसरा ड्रमर डेव्ह टफ, जो सोलो टाळायचा. क्रुपाने १९३८ च्या मार्चमध्ये गुडमनला सोडलं आणि पुढे टफ तिथे बसला. तोच बँड, जवळजवळ तेच कागद, पण सिंबलचा पसारा रुंद आणि बँड सैलावलेला. ड्रमर बदलला की सॅक्सची रांगसुद्धा वेगळी का वाजते, हे शिकवायला यापेक्षा चांगली जोडी नाही. तालमीत दोन्ही मागोमाग लावल्या.

ठरलं ते असं: कार्यक्रमात टॉमचा लांब सोलो एकच, बाकी ठिकाणी वेबच्या पद्धतीने चार बारच्या फटी. फटीच्या शेवटच्या बीटवर हात मोकळा सोडायचा, बँडला आत यायला जागा हवी. फट भरून काढली तर ट्रम्पेटचा पहिला स्वर हमखास कच्चा येतो.

७ डिसेंबर

कार्यक्रमाआधीची शेवटची जुळवणी. दुपारी हवा कोरडी, आर्द्रता ३५ टक्के. संध्याकाळी सभागृहात माणसं भरली की वाढणार. म्हणून स्नेअर आणि टॉम दुपारी पाव स्वर चढे ठेवले. मध्यंतरात स्नेअरचे रॉड पुन्हा पाहायचे, फेरा पाव, समोरासमोर. स्टेजवरचे दिवे थेट बास ड्रमवर नकोत, ते एका बाजूचं कातडं ओढतात.

माईक: ड्रमच्या वर, डोक्याच्या उंचीवर, एकच. बास ड्रमसमोर माईक ठेवायचा नाही; ध्वनियंत्रणावाला ठेवणारच, आणि हळू ठोका मोठा करून वाजवणार. त्याला आधी बासचा आवाज नीट घ्यायला सांगायचं, मग तो बास ड्रमच्या मागे लागत नाही.

वाहतूक: कातडी पूर्ण सैल करायची नाहीत, नाहीतर कॉलर जाते. खेळत्या ताणापेक्षा पाव फेरा कमी. फ्लोअर टॉम पायांवर उभा न नेता पाय काढून, आडवा, खाली घोंगडी. गाडीत बास ड्रम सगळ्यात शेवटी चढवायचा, म्हणजे तो सगळ्यात आधी उतरतो आणि हवेशी जुळायला त्याला तासभर मिळतो.

बाकी राहिलेलं: रॅक टॉमचं सुटं कातडं आणून ठेवणं, १२ इंची सिंबलच्या कडेची चीर जिथे थांबते तिथे ३ मि.मी. चं छिद्र पाडून ती अडवणं, आणि बल्बची नवी जाळी.